आबांच्या पलंगाची नवार

रिकामा टेम्पो रस्त्यावर काढायचा नाही, असा आमच्या घरात कडक नियम होता. नियम दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. देवदर्शनाला निघालो तरी मागे टोमॅटोची दोन कॅरेट असायचीच. एकदा आईला ताप भरला म्हणून दवाखान्यात नेली, तेव्हा तिच्या पायाशी कोबीची गोणी होती, आणि डॉक्टरांनी आईची नाडी बघायच्या आधी कोबी कसा दिला ते विचारलं. दादांना यात वावगं काही वाटायचं नाही. डिझेल जळणारच आहे तर सोबत काहीतरी गेलं पाहिजे, एवढा साधा हिशेब. हा नियम नसता तर पुढे जे घडलं त्यातलं निम्मं घडलं नसतं, म्हणून तो आधीच सांगून ठेवते.

आमचा मळा मखमलाबादच्या पुढे. थोडी द्राक्षं, थोडा झेंडू, बाकी ऋतूप्रमाणे भाजी. सकाळ व्हायची ती आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने, त्यावर दादांचा टेम्पो खोकायचा, आणि या दोन्हींच्या मधे ओसरीवरून आबांच्या पलंगाची कुरकुर ऐकू यायची. आबा म्हणजे दादांचे वडील. सहा फूट उंच, वजनाला काहीच नाही, आणि मत नसलेला विषय जगात एकही नाही. शेतीची कामं सुटली तेव्हापासून ते नवारीच्या, म्हणजे रुंद सुती पट्टीने विणलेल्या, पलंगावर बसून सगळ्यांच्या कामात चुका काढायचे. त्या बहुतेक वेळा बरोबर असायच्या, आणि हेच आम्हाला सहन व्हायचं नाही. थंडीत आई हुलग्याचे शेंगोळे करायची. आबा ते दोन वाट्या खायचे आणि मग तिखट कमी पडलं म्हणायचे.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला कयाकचं वेड लागलं होतं. गंगापूर धरणावर आमच्या सरांनी आठ-दहा पोरापोरींचा एक गट जमवला होता. सुरुवातीला मी मैत्रिणीबरोबर नुसती बघायला म्हणून गेले आणि तिसऱ्या दिवशी पाण्यात पडून आले. कयाक म्हणजे सतरा फूट लांब, फायबरची, मांडीएवढी अरुंद होडी. तीत एक माणूस बसणार आणि दोन टोकांचं वल्हं मारणार. आबांना मी एकदा धरणावर नेऊन दाखवली. त्यांनी काठावरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "झोपायला जागा नाय, भाकर ठेवायला जागा नाय. हिला होडी कशापायी म्हनायची?" तेव्हापासून घरात तिचं नाव 'लांबडी' पडलं. कुणी मला विचारत आलं तर आई सांगायची, शैला लांबडीत गेली आहे.

त्या वर्षी नगरकडच्या एका धरणावर राज्याच्या संघाची निवड होती. वयाच्या अटीत बसण्याचं माझं ते शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी मी मोठ्या गटात जाणार होते आणि मोठ्या गटातल्या पोरींचे दंड बघूनच मला धडकी भरायची. म्हणजे जायचं तर याच वर्षी, नाहीतर कायमचं राहिलं. अडचण एकच होती, होड्या न्यायच्या कशा. आदल्या वर्षी सरांनी एका मालट्रकवर होड्या पाठवल्या होत्या. ट्रकवाल्याने कांद्याच्या गोण्या आवळतात तसा दोर आवळला, वर दोरात दांडकं घालून दोन पीळ दिले, आणि एक होडी अंड्याच्या टरफलासारखी मधोमध पिचली. सर तेव्हापासून होड्यांच्या बाबतीत बाळंतिणीच्या आईसारखे झाले होते. ते म्हणाले, "गाडीची सोय तुम्ही करा. होड्या ठेवायचा रॅक मला दाखवा. रस्त्यावर चालवून खात्री करा. मग मी चार होड्या देईन. नाहीतर या वर्षी कुणी जायचं नाही." सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले आणि मी म्हणाले, "सर, आमचा टेम्पो आहे." घरी विचारलेलं नव्हतं. त्या वयात जीभ टाळूला कधी टेकत नव्हती, आताही फारशी टेकत नाही.

दादांना सांगितलं तेव्हा ते टायर बघत होते. मी निवड, वय, सर, फायबर, सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "जाताना लांबड्या. येताना काय?" मला हे सुचलंच नव्हतं. मी गोठ्यातल्या बैलांकडे बघितलं आणि म्हणाले, "कडबा. नगरकडं चांगला मिळतो." दादा टायरपासून उठले आणि म्हणाले, "मामाला बोलाव."

पुंजामामा आईचा भाऊ, सिन्नरच्या एमआयडीसीत वेल्डर. त्याच्या हाताला विलक्षण हुन्नर होता आणि डोक्याला घाई. रजा काढून तो एसटीने आला, टेम्पोभोवती दोन चकरा मारल्या आणि बांधावर जाऊन उभा राहिला. बांधावर द्राक्षाचे जुने अँगल पडले होते. ज्यांनी आमच्याकडच्या बागा पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते. द्राक्षवेल वर चढवायला लोखंडी खांब रोवतात, त्याला वरती दोन फाटे असतात, इंग्रजी वाय अक्षरासारखे, आणि म्हणून सगळे त्याला वायच म्हणतात. वाऱ्याने वाकलेले असे दहा-बारा वाय आमच्याकडे पडून होते. मामाने त्यातला एक उचलला, दोन फाट्यांच्या मधे स्वतःचा हात कोपरापर्यंत आडवा ठेवला आणि म्हणाला, "शैले, तुझी लांबडी अशीच झोपत आसंल ना?" मी चकित झाले. कयाक ठेवायला परदेशात नेमका असाच आकार वापरतात, हे सरांनी आम्हाला पुस्तकातल्या चित्रात दाखवलं होतं. आमच्या बांधावर ते गेली चार वर्षं गंजत पडलं होतं.

भाड्याने वेल्डिंगचं मशीन आणलं. टेम्पोच्या हौद्याच्या वर लोखंडी चौकट आली आणि त्या चौकटीवर वायच्या तीन ओळी, एक केबिनच्या वर, एक मधे, एक मागच्या फाळक्यापाशी. एका ओळीत चार वाय, म्हणजे चार होड्या शेजारीशेजारी. फाट्यांवर ट्रॅक्टरची जुनी ट्यूब कापून गुंडाळली. पण मामाचं समाधान होईना. रबर असलं तरी आत लोखंडच, खड्ड्यात गाडी आपटली की होडी फाट्यावर आपटणार. तिला झोळी पाहिजे, रुंद पट्ट्याची, म्हणजे भार एका जागी येणार नाही. असं बोलत तो इकडेतिकडे बघत होता आणि त्याची नजर अंगणात गेली. आबांचा पलंग ढेकूण झाले म्हणून उन्हात उभा करून ठेवला होता. मामाला वाटलं मोडीत काढला. आम्ही जेवायला बसलो होतो तेवढ्या वेळात त्याने सगळी नवार उसवली, तिचे हातभर तुकडे केले आणि प्रत्येक वायला सुबक झोळी बांधून मोकळा झाला.

आबा विहिरीवरून परत आले तेव्हा अंगणात पलंगाचा नुसता सांगाडा उभा होता. त्यांनी सांगाड्याकडे बघितलं, टेम्पोकडे बघितलं, मामाकडे बघितलं, आणि ओसरीवर जमिनीवर जाऊन बसले. दोन वेळचं जेवण त्यांनी आमच्याकडे पाठ करून केलं. आबांचं बोलणं सहन व्हायचं नाही हे मी वर लिहिलं आहे. त्यांचं न बोलणं त्याहून वाईट होतं. मामा तर बहिणीला सुद्धा न सांगता संध्याकाळच्या एसटीने सिन्नरला पळायच्या बेतात होता, पण दादांनी त्याची पिशवी लपवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, प्रश्न उभा राहिला तो खात्रीचा. दहा वाजता सर बघायला येणार होते आणि त्याआधी रॅक रस्त्यावर चालवून बघायला हवा होता. पण खात्री झाल्याशिवाय सर होडी देणार नाहीत आणि होडीशिवाय खात्री करणार कशी? दादा म्हणाले, केळीचा खांब बांधू. मामा म्हणाला, पीव्हीसीचा पाइप. यावर पाठ करून बसलेल्या आबांनी दोन जेवणांनंतर पहिल्यांदा तोंड उघडलं. "पाइप काय सांगनार हाय तुला? त्याला कुठं दुखलं ते त्यो सांगतो का?" मग ते आमच्याकडे वळले. "बोलनारं कायतरी बांध. नवार माझी हाय, मी तिच्यावर तीस वर्सं झोपलो. ती कुठं ताणती आन् कुठं ढिली पडती ते माझ्या पाठीला म्हाईत. मला बांधा."

आज कुणी असं काही केलं तर मी स्वतः पोलिसांना बोलावीन. त्या दिवशी मात्र चौघांपैकी एकालाही हे विचित्र वाटलं नाही, उलट सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, कारण आबा बोलायला लागले होते. आई तेवढी म्हणाली, "थंडी आहे. नीट गुंडाळून न्या."

आता पुढच्या प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र आणि समंजस कारण होतं, हे वाचकांनी लक्षात घ्यावं. आईने आबांना मफलर बांधला, वर गोधडी गुंडाळली. गोधडी फाटकी होती आणि टेम्पो चार लोकांत जाणार, म्हणून तिच्यावर स्वच्छ पांढरी चादर लपेटली, वारा लागू नये म्हणून तोंडावरून सुद्धा. आबांना मधल्या आणि मागच्या वायच्या झोळ्यांवर आडवं केलं, मधे आधाराला फळी दिली, आणि मामाने छातीवरून दोर घेतला. त्यांचे पाय मागच्या वायच्या बाहेर हातभर आले. होडीचं शेपूट असंच बाहेर येणार, तेव्हा हे चांगलंच झालं, असं मामा म्हणाला. रॅक नवा होता, नव्या वस्तूची पूजा केल्याशिवाय आमच्याकडे ती वापरत नाहीत. म्हणून आईने रॅकला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि फाट्याच्या भोकात दोन उदबत्त्या खोचल्या. आणि रिकामा टेम्पो काढायचा नाही म्हणून हौद्यात झेंडूच्या सहा गोण्या टाकल्या, पंचवटीत द्यायला. मामा केबिनमधे दादांच्या शेजारी बसला आणि मी गोण्यांवर बसून आबांच्या पायांवर लक्ष ठेवणार होते. आबांच्या हातात चादरीखाली काठी दिली. एक ठोका म्हणजे हळू, दोन ठोके म्हणजे थांब.

दादांनी गाडी बैलगाडीच्या चालीने काढली. वर बाप होता. मी मागे बसून मनातल्या मनात देवाचा धावा करत होते, कारण रॅक नापास झाला की माझं वर्ष गेलं, आणि ती काळजी माझ्या तोंडावर चांगलीच दिसत असणार. रस्त्याने लोक थांबून आमच्याकडे बघत होते. एका म्हाताऱ्याने चप्पल काढून हात जोडले. मला वाटलं, रॅकची माळ बघून देवाचं काही चाललंय असं वाटलं असेल. नाक्यावर तर हवालदाराने दोन्ही बाजूंची वाहनं अडवली, टोपी काढली आणि आम्हाला वाट करून दिली. दादांना नाशिकच्या रस्त्यावर इतका मान कधी मिळाला नव्हता. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून हवालदाराला नमस्कार केला. एक स्कूटरवाला आमच्या मागेमागे मान खाली घालून हळूहळू येत होता. तेवढ्यात खड्डा आला आणि चादरीतून काठी बाहेर येऊन तिने मधल्या वायवर एक ठोका दिला. स्कूटरवाल्याने गाडी कडेच्या भाजीच्या हातगाडीला टेकवली आणि तो नंतर किती वेळ तिथे बसला होता कुणास ठाऊक.

पंचवटीच्या गल्लीत फुलांच्या गोण्या उतरवत होतो तेव्हा रिक्षातून ठकूआत्या उतरली. ठकूआत्या ही दादांची थोरली बहीण, नाक्याजवळ राहायची. कुठलीही बातमी तिच्याआधी कुणाला कळली तर तिला जेवण जायचं नाही. ती पदर खोचून आली ती थेट दादांच्या अंगावर. "रामा, अरं मला एक निरोप द्यायला तुला झालं काय? बाप तुझ्या एकट्याचा व्हता का? मी दारात उभी, आन् माझ्या म्होरून घेऊन गेलास." दादा हातात गोणी घेऊन तसेच उभे राहिले. "काय घेऊन गेलो?" आत्या रॅककडे बघून रडायला लागली आणि म्हणाली, "तोंड तरी दावा मला माझ्या बापाचं."

वरून चादरीतून आवाज आला, "ठके, दम धर. आजून परतीचं खड्डं राह्यलेत."

आत्या खाली बसली ती झेंडूच्या गोणीवर. आजूबाजूचे फुलवाले पांगले, एकाने तराजू सुद्धा सोडला. मामाने पाणी आणून दिलं. ते पिऊन आत्या पहिलं वाक्य बोलली ते असं, "मी अकरा जनांना फोन केले." दादा म्हणाले, "मग परत कर." ती म्हणाली, "केले ना आत्ता कोपऱ्यावरून परत, कवा पोचता ते विचाराया. फोन कुनी उचलंना. समदे तुमच्या मळ्यावर निघालेत." आपल्याला न कळवता बापाला परस्पर घाटावर नेलं, या रागात तिने आधी एसटीडीच्या दुकानात जाऊन भाऊबंद गोळा केले होते आणि मग रिक्षा केली होती. दुःख तिला रिक्षात बसल्यावर झालं, हे तिने स्वतःच पुढे कबूल केलं.

दादांनी आबांना खाली उतरा म्हणून विनवलं. आबा ऐकेनात. "जाताना भरलेली गाडी व्हती. रिकामी कशी उडती ते कोन सांगनार? निम्मी खात्री म्हंजे खात्री नाय." मग आत्याला केबिनमधे घेतलं आणि घराकडे निघालो, या वेळी जोरात, आणि नियम मोडून रिकामे, कारण घरी आई एकटी होती. आणि खरी परीक्षा तेव्हाच झाली. रिकामा टेम्पो खरंच उडत होता. पहिल्याच वळणावर आबांचे पाय डावीकडे गेले, दुसऱ्यावर उजवीकडे, आणि दणादण दोन ठोके पडले. गाडी थांबली. आबा चादरीतून म्हणाले, "शैले, पाय बांध. शेपूट मोकळं ऱ्हायलं की समदं आंग वळतं. आन् पुंजा, छातीवरचं ढिलं कर, जीव घ्यायला लागलाय त्यो दोर. मधे सैल, टोकाला घट्ट." मी त्यांचे पाय एकत्र करून फाळक्याला बांधले. मामाने पुढून चादरीसकट खांद्याखालून एक दोर केबिनच्या कडीला घेतला आणि छातीवरची गाठ चार बोटं सैल केली. पुढचे सगळे खड्डे आबा नुसते डुलत आले. मला तिथेच कळलं की आदल्या वर्षी होडी का फुटली होती. आम्ही भाजी आवळणारी माणसं, आम्हाला मधे आवळल्याशिवाय बांधल्यासारखं वाटतच नाही.

इकडे घरी काय झालं ते आईने नंतर सांगितलं. ती बागेतून आली तर अंगणात पंधरा-वीस माणसं. बायका तिच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. कोण गेलं हे आईला माहीत नव्हतं, पण रडत्या माणसाला "कोण गेलं?" असं विचारणं बरं दिसत नाही, म्हणून ती सुद्धा रडायला लागली. रडता रडता ती एकेक तोंड मोजत होती, म्हणजे जे आलेलं नाही ते गेलं असणार. आम्ही चौघे नव्हतो. तिचा हुंदका मग खरा झाला. रिवाजाप्रमाणे दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून येणाऱ्यांनी पिठलं-भाकरी बांधून आणली होती आणि ओसरीवर फडक्यांची रांग लागली होती. आणि बरोब्बर दहाला रॅक बघायला आलेले आमचे सर, कुणाला काही न विचारता, पुरुषांच्या ओळीत मान खाली घालून बसले होते.

टेम्पो अंगणात शिरला आणि एकच आकांत झाला. माळ, उदबत्तीच्या काड्या, पांढरी चादर, आणि आता बांधलेले पाय सुद्धा. पायांची ती भर मी घातली होती. दादा खाली उतरून दोन्ही हात वर करून काहीतरी सांगत होते, पण ते दुःखाने वेडे झाले असं समजून दोघांनी त्यांना धरून बसवलं. आई मात्र सरळ टेम्पोजवळ आली. तिने दादा बघितले, मला बघितलं, भावाला बघितलं, मग वर बघितलं आणि पदराने डोळे पुसून म्हणाली, "आबा, शेंगोळे गार व्हायलेत."

"सोडा रं मला आधी," आबा म्हणाले.

आबा मामाच्या खांद्यावर हात ठेवून हौद्यात उभे राहिले, गळ्यात मफलर, खांद्यावर चादर. त्यांनी सगळ्या भाऊबंदांवरून एकदा सावकाश नजर फिरवली. कोण आलं आणि कोण नाही याची यादी त्यांनी तिथल्या तिथे पाठ केली, आणि पुढे कितीतरी लग्नांत ती वापरली. मग ते सरांना शोधून म्हणाले, "मास्तर, गाडी चांगली हाय. टोकाला दोन दोर पायजेत, शेपटाला आन् तोंडाला. मधे सैल सोडा. मधे आवळलं का मानूस मरतंय, तुमची लांबडी तर नाजूक." सर उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत अजून पाणी होतं आणि ते कशाचं म्हणून ठेवायचं हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं. ते म्हणाले, "आबा, रॅक पास." मी इतक्या जोरात रडले की मागच्या ओळीतल्या बायकांना वाटलं, म्हातारा आता खरंच गेला.

आबांनी त्या दिवशी स्वतःच्या दुखवट्याची पिठलं-भाकरी ओसरीवर मांडी घालून खाल्ली, अकरा घरांची, प्रत्येकाचं पिठलं चाखून. सगळ्यांत चांगलं कुणाचं ते त्यांनी जाहीर केलं आणि त्यावरून दोन जावांमधे जे बिनसलं ते अजून मिटलेलं नाही. आत्याला कुणीतरी टोमणा मारला तेव्हा आबाच म्हणाले, "आसू द्या. गेल्यावर कोन कोन येतं ते बघायला मिळालं. ठकीनं दावलं."

चार होड्या नगरकडे गेल्या आणि आल्या. एकाही होडीला ओरखडा पडला नाही. निघताना, आणि मग वाटेत प्रत्येक थांब्यावर, दादा गाठी बांधून झाल्या की मला म्हणायचे, "शैले, बघ." मी मागे जाऊन शेपूट धरून हलवायची आणि हललं नाही तरच गाडी पुढे सरकायची. निवडीत मी सहावी आले. नऊजणी होतो, चौघींना घेतलं. मी येताना कडब्यावर उताणी पडून सिन्नरपर्यंत रडले आणि मग भूक लागली. पण गेले, हे खरं. न जाता राहिले असते तर आज हे लिहिताना माझ्याकडे रडायला सुद्धा काही नसतं. सर पुढे सात-आठ वर्षं आमचाच टेम्पो सांगायचे. आबांना दादांनी नवा पलंग आणला, प्लॅस्टिकच्या पट्टीचा. तो त्यांना शेवटपर्यंत आवडला नाही.

आबा गेले ते सुद्धा थंडीतच, पहाटे झोपेत. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. माझं लग्न झालेलं होतं, मी योगायोगाने माहेरी होते. दादांनी ठकूआत्याला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "रामा, नीट बघ. टेम्पोवर तर नाय ना?" तिने या वेळी कुणालाही कळवलं नाही. फोन मामाने केले आणि अकराच्या अकरा घरांनी हाच प्रश्न विचारला. आत्या आली ती कुणाशी न बोलता आत गेली, आबांच्या पायाचा अंगठा धरून हलवला आणि म्हणाली, "आबा, पुरं आता. उठा." थोडा वेळ थांबली. मग तिने खाली बसून पदर तोंडाला लावला. मला तोवर रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

अंगणात भाऊबंद तिरडी बांधत होते. आबांना तिच्यावर घेतलं, पांढरं कापड घातलं, आणि एकाने छातीवरून सुतळी घेऊन, गोणी आवळतात तसा गुडघा टेकवून ओढ दिली. बायकांनी तिथे बोलायचं नसतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मधे सैल. टोकाला घट्ट." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दादांनी बघितलं नाही. ते त्या माणसाला हाताने बाजूला करून खाली बसले, छातीवरच्या सुतळीत चार बोटं घालून ती सैल केली, मग पायांकडे गेले आणि तिथली गाठ स्वतः बांधली, दोनदा. बांधून झाल्यावर ते मान खाली ठेवूनच म्हणाले, "शैले, बघ."

मी पुढे होऊन आबांचे पाय धरून हलवले. हलत नव्हते. मग त्यांना उचललं.